दोन प्लायवूड, पन्नास डॉलर आणि अख्खा समुद्र

सुताराला घरी बोलावलं, कपाटाचं माप दाखवलं, की त्याच्या तोंडून पहिलं वाक्य येतं, "आठ बाय चारच्या दोन शीट लागतील, ताई." दोन शीटमध्ये कपाट होतं, दिवाण होतो, मुलांचं अभ्यासाचं टेबल होतं. १९४७ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात, क्लिअरवॉटर नावाच्या किनाऱ्यावरच्या गावात, एका होडीवाल्या कारागिराने याच मापाच्या दोन शीटमधून होडी काढली. ती लहान मुलांसाठी होती आणि तिच्यात एकच मूल बसणार होतं. गावातल्या मुलांचा शिडाच्या होड्यांचा एक छोटा उपक्रम तिच्यावर उभा राहिला, आणि पुढे त्या होडीने जग पालथं घातलं. तिचं नाव ऑप्टिमिस्ट. तिच्या बाळपणीच्या, आणि थोड्या मोठेपणीच्याही, या चटकदार गोष्टी.

होडीच्या आधी होती गाडी

गोष्ट सुरू होते ती पाण्यापासून नव्हे, रस्त्याच्या उतारापासून. अमेरिकेत मुलांची एक लाडकी शर्यत होती, सोप बॉक्स डर्बी. साबणाची खोकी, फळकुटं आणि जुनी चाकं जोडून मुलं स्वतः गाडी बनवायची आणि उतारावरून सोडायची. इंजिन नाही, पेडल नाही. गाडी पळायची ती केवळ उताराच्या जोरावर. १९३३ साली ओहायो राज्यातल्या डेटन शहरात मायरन स्कॉट या वृत्तपत्र छायाचित्रकाराने अशा गाड्या पळवणारी पोरं पाहिली. त्याने या खेळाला रीतसर शर्यतीचं रूप दिलं आणि पुढच्याच वर्षी अखिल अमेरिकन स्पर्धा झाली. मग शर्यत ॲक्रन शहरात गेली आणि तिथेच स्थिरावली. हाच स्कॉट पुढे शेवरले कंपनीत गेला आणि १९५३ साली कंपनीच्या नव्या स्पोर्ट्स कारला त्याने सुचवलेलं नाव मिळालं, कॉर्व्हेट! खोक्यांच्या गाड्यांपासून निघालेला माणूस थेट कॉर्व्हेटपर्यंत पोचला.

उतारासाठी डोंगर आणायचा कुठून?

दुसऱ्या महायुद्धात बंद पडलेली ही डर्बी १९४६ साली पुन्हा सुरू झाली. क्लिअरवॉटरमध्येही ती भरायची. पण फ्लोरिडा म्हणजे तव्यासारखा सपाट मुलूख. राज्यातली सर्वांत उंच नैसर्गिक जागा ब्रिटन हिल, आणि तिची उंची अवघी १०५ मीटर. अमेरिकेतल्या पन्नास राज्यांची सर्वोच्च ठिकाणं रांगेत मांडली तर हे सगळ्यांत बुटकं. आपला रायगड ८०० मीटरच्या वर जातो, यावरून कल्पना करा. क्लिअरवॉटरजवळ उताराची चणचण असेल, पाण्याची मात्र नव्हती. मेक्सिकोचं आखात दारातच होतं. आणि गाडीची शर्यत वर्षातून एकदा संपते, होडी मात्र रोज संध्याकाळी काढता येते. मेजर क्लिफर्ड मॅके यांनी १९४७ साली गावातल्या क्लबसमोर नेमका हाच विचार मांडला : मुलांना गाड्या देतो तशा होड्या का देऊ नयेत?

नाव क्लबचं, गुण होडीचा

ऑप्टिमिस्ट म्हणजे आशावादी. एवढ्याशा टपात बसून समुद्रात जायचं म्हणजे आशावादी असावंच लागतं, असं वाटून नाव ठेवलं असेल, अशी आपली समजूत होते. तसं नाही. रोटरी किंवा लायन्ससारखी 'ऑप्टिमिस्ट' ही सेवाभावी क्लबांची एक संघटना आहे. तिची आंतरराष्ट्रीय संस्था १९१९ सालची आणि मुलांसाठी काम करणं हे तिचं मुख्य ध्येय. डर्बी भरवणारा क्लिअरवॉटरचा क्लब याच संघटनेतला. होडीला क्लबाचं नाव मिळालं आणि ते इतकं शोभून दिसलं की आज जगभर ऑप्टिमिस्ट म्हटलं की क्लबाआधी होडीच आठवते.

पन्नास डॉलरची लक्ष्मणरेषा

शिडाची होडी म्हणजे श्रीमंतांचा शौक, हा समज तेव्हाही होता. मॅके यांना तो मोडायचा होता. डर्बीत गावातला दुकानदार एखाद्या मुलाची गाडी पुरस्कृत करायचा आणि गाडीवर दुकानाचं नाव झळकायचं. होड्यांचंही तसंच जमवायचं तर किंमत किराणा दुकानदाराच्या आवाक्यात हवी. म्हणून अट ठरली : होडी पन्नास डॉलरच्या आत बसली पाहिजे. या एका अटीमुळे होडीची लांबी, आकार, शीड सगळंच ठरलं. पुढच्या बहुतेक गोष्टी या लक्ष्मणरेषेतूनच निघाल्या आहेत.

कारागीर क्लार्क मिल्स

अट पाळायची जबाबदारी आली क्लार्क मिल्स यांच्यावर. १९१५ ते २००१ असं दीर्घ आयुष्य लाभलेले मिल्स त्याच भागात होड्या बांधायचे. प्लायवूडची शीट येते आठ फूट बाय चार फूट. कापाकापी आणि वाया जाणारं लाकूड कमीत कमी राहावं म्हणून त्यांनी दोन शीटमध्ये होडी बसवली. आजच्या ऑप्टिमिस्टची लांबी २.३६ मीटर, म्हणजे साधारण पावणेआठ फूट. शीटची लांबी हीच होडीच्या लांबीची हद्द! आणि एवढं जमवल्यावर मिल्स यांनी तो आराखडा क्लबला देऊन टाकला. जगातल्या सर्वाधिक संख्येने बांधल्या गेलेल्या होड्यांपैकी एकीचा आराखडा असा दान म्हणून दिलेला आहे. या एका गोष्टीसाठी या माणसाला मनापासून नमस्कार करावासा वाटतो.

चपट्या नाकाचं रहस्य

ऑप्टिमिस्ट पहिल्यांदा पाहणारा हमखास विचारतो, "हिचं पुढचं टोक कुणी कापलं?" होडीला पुढे निमुळतं टोक हवं असेल तर दोन्ही बाजूंच्या फळ्या लांब घ्याव्या लागतात, त्यांना नाजूक बाक द्यावा लागतो आणि टोकाशी त्या अचूक जुळवाव्या लागतात. त्यासाठी लाकूड जास्त, कसब जास्त, पैसा जास्त. नाक आडवं, चपटं ठेवलं की हे सगळे प्रश्न सुटतात. शिवाय तेवढ्याच लांबीत मुलाला बसायला जास्त ऐसपैस जागा मिळते, होडी रुंद राहते आणि लवकर कलंडत नाही. रूप गेलं, पण तोल मिळाला.

'प्रॅम', पण बाबागाडी नव्हे

क्लिअरवॉटरमधली मंडळी हिला 'ऑप्टिमिस्ट प्रॅम' म्हणायची. आपल्याला प्रॅम म्हटलं की बाळाची ढकलगाडी आठवते. दोन्ही शब्द दिसायला सारखे, पण त्यांचं गोत्र वेगळं. बाळाची प्रॅम हे 'पेराँब्युलेटर' या लांबलचक शब्दाचं लघुरूप आहे. होडीची प्रॅम आली डच भाषेतून. उत्तर युरोपात चपट्या बुडाच्या, बोथट नाकाच्या होड्यांना शेकडो वर्षांपासून हेच नाव आहे.

सरस गेला, प्लायवूड आलं

ही होडी १९४७ सालीच का जन्मली, वीस वर्षं आधी का नाही? यामागे गोंदाची करामत आहे. जुन्या सुतारकामातला सरस जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनतो आणि पाण्यात सुटतो. त्याने चिकटवलेलं प्लायवूड समुद्रात नेलं तर पापुद्रे निघणार. १९३० च्या दशकात पाण्याला दाद न देणारे कृत्रिम राळेचे गोंद आले आणि महायुद्धात किनाऱ्यावर सैनिक उतरवणाऱ्या बोटींपर्यंत प्लायवूड पोचलं. युद्ध संपलं आणि तेच प्लायवूड मुलांच्या खेळात आलं. युद्धाच्या सामानातून इतकी निर्मळ गोष्ट क्वचितच निघाली असेल.

त्याच वर्षी, समुद्रापलीकडे

गंमत पाहा. त्याच १९४७ साली इंग्लंडमध्ये जॅक होल्ट या आरेखकाने मुलांसाठी प्लायवूडची होडी केली, आणि तिचंही नाक चपटंच! तिचं नाव कॅडेट. 'याटिंग वर्ल्ड' या मासिकाच्या पुढाकाराने ती जन्माला आली. फरक एवढाच की कॅडेटमध्ये दोन मुलं बसतात. दोन खंडांवर, एकाच वर्षी, दोन कारागिरांसमोर तेच प्लायवूड आणि तोच प्रश्न होता, आणि उत्तरही जवळजवळ तेच निघालं.

चौकोनी शीड, तिरकी काठी

शर्यतीच्या बहुतेक होड्यांची शिडं त्रिकोणी असतात. ऑप्टिमिस्टचं शीड चौकोनी. डोलकाठीच्या खालच्या भागातून एक काठी तिरकी वर जाते आणि शिडाचा वरचा बाहेरचा कोपरा ताणून धरते. इंग्रजीत हिला स्प्रिट म्हणतात. हिच्यामुळे फायदा काय? डोलकाठी बुटकी ठेवूनही शिडाला भरपूर कापड मिळतं. वारा जितका उंचावर पकडाल तितकी होडी कलंडण्याची भीती जास्त, म्हणून बुटकी डोलकाठी मुलांच्या सोयीची. शीड साधारण ३.३ चौरस मीटरचं, म्हणजे जवळपास डबल बेडएवढं.

सगळं बिऱ्हाड होडीच्या पोटात

होडीची लांबी २.३६ मीटर आणि डोलकाठी त्याहून किंचित आखूड. म्हणजे डोलकाठी, तिरकी काठी, शिडाखालची आडवी काठी हे सगळं उतरवून होडीतच आडवं ठेवता येतं! होडीचं वजन ३५ किलो, म्हणजे दोन मोठ्या माणसांनी सहज उचलावं इतकं. गाडीच्या टपावर बांधा आणि चला. बोटीचा धक्का नको, क्रेन नको. अंगणात किंवा गॅरेजात सायकलशेजारी ती उभी राहू शकते.

पंधराव्या वर्षी निवृत्ती

ऑप्टिमिस्टच्या शर्यतीत भाग घेता येतो तो पंधरा वर्षं पूर्ण होतील त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत. मग इतकी वर्षं जिवापाड सांभाळलेली होडी धाकट्या भावंडाकडे किंवा शेजारच्या पोराकडे जाते. क्लिअरवॉटरच्या पहिल्या मुलांसमोरही हाच प्रश्न आला : होडी लहान पडली, आता पुढे काय? उत्तर पुन्हा मिल्स यांनीच दिलं. १९५३ साली त्यांनी मोठ्या मुलांसाठी दोघांची 'विंडमिल' होडी आरेखली. अंगरखा आखूड झाला की नवा शिवून देणाऱ्या आजोबांसारखंच हे.

कॅप्टन, खलाशी, सुकाणूवाला : सब कुछ एकच

ऑप्टिमिस्टचं मोठेपण कशात आहे, असं विचारलं तर उत्तर हे. मूल आठ वर्षांचं असो की चौदा, होडीत ते एकटं असतं. एका हातात सुकाणूचा दांडा, दुसऱ्या हातात शिडाची दोरी. आई किनाऱ्यावर, शिक्षक लांब दुसऱ्या बोटीत. वारा फिरला तर काय करायचं, लाट आली तर वजन कुठे टाकायचं, हे त्याचं त्यालाच ठरवायचं असतं. सगळ्या घरात एकही निर्णय ज्याला घेऊ दिला जात नाही, ते पोर पाण्यावर मिनिटाला दहा निर्णय घेतं.

बुडत नाही, पण पाणी उपसावं लागतं

काळजी घेतलेली असते, हेही सांगायला हवं. होडीच्या आत हवा भरलेल्या तीन पिशव्या बांधलेल्या असतात. होडी उलटली, पाण्याने भरली, तरी ती तरंगत राहते. अंगात लाइफ जॅकेट आणि त्याला शिट्टी. शिकवणीच्या सुरुवातीलाच मुलांना होडी मुद्दाम उलटवायला लावतात, म्हणजे भीती पहिल्याच दिवशी धुऊन निघते. होडी सरळ केली की आतलं पाणी उपसायचं. त्यासाठीचं भांडं दोरीने होडीलाच बांधलेलं असतं, आणि पुष्कळदा ते प्लॅस्टिकचा जुना कॅन कापूनच केलेलं असतं. पन्नास डॉलरवाल्या होडीचे संस्कार असे टिकून राहिले.

पंच नाही, स्वतःच दोन गिरक्या

शिडाच्या शर्यतीचा एक नियम प्रत्येक शाळेच्या फळ्यावर लिहावा असा आहे. शर्यतीत तुमच्याकडून दुसऱ्या होडीच्या वाटेचा नियम मोडला, तर शिट्टी वाजवून थांबवायला तिथे पंच असेलच असं नाही. तुम्ही स्वतः बाजूला व्हायचं, होडीला दोन पूर्ण गिरक्या द्यायच्या आणि मगच पुढे जायचं. दोन गिरक्या होईपर्यंत चार होड्या पुढे निघून जातात. तरीही दहा वर्षांचं मूल, कुणी न सांगता, भर समुद्रात होडी फिरवतं. प्रामाणिकपणाचा याहून चांगला तास मला ठाऊक नाही.

वाऱ्याच्या तोंडावर नागमोडी

शिडाची होडी वाऱ्याच्या दिशेने जाते हे सगळ्यांना कळतं. वाऱ्याच्या विरुद्ध कशी जाते, हे कळलं की मुलांचे डोळे विस्फारतात. अगदी नाकासमोरून येणाऱ्या वाऱ्यात ती सरळ जाऊ शकत नाही. पण थोडं तिरकं धरलं की शीड वारा वळवतं आणि होडीला ओढ मिळते. बुडातून खाली सरकवलेली एक फळी होडीला आडवं घसरू देत नाही, म्हणून ओढ पुढच्या बाजूला लागू पडते. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं घाटातल्या वळणांसारखं नागमोडी जात होडी वाऱ्याच्या उगमाकडे पोचते. भूगोलाच्या पुस्तकात आपण पाठ केलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे जिवंत होतात. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरही उन्हाळी दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटतो. शाळा सुटायला आणि वारा सुटायला एकच वेळ. मुलांना आणखी काय हवं?

डेन्मार्कने हात दिला

फ्लोरिडातली ही होडी जगाची झाली ती एका पाहुण्यामुळे. डेन्मार्कचे ॲक्सेल डामगार्ड यांनी १९५४ साली अमेरिकेत ती पाहिली, तिच्यात किरकोळ बदल केले आणि ती आपल्या देशात नेली. डॅनिश मुलांनी ती डोक्यावर घेतली आणि तिथून ती युरोपभर पसरली. १९६० साली तिची मापं प्रमाणित झाली. १९६२ साली इंग्लंडमध्ये पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि १९६५ साली तिची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. शिडावरचं तिचं चिन्ह पाहिलंत? रोमन लिपीतलं 'आय' आणि 'ओ' यांची जोडी, म्हणजे 'इंटरनॅशनल ऑप्टिमिस्ट'. आज १२० हून अधिक देशांत ती चालते आणि नोंद झालेल्या होड्यांची संख्या दीड लाखाच्या पुढे आहे.

सगळ्यांची होडी सारखीच

पुढे लाकडाची जागा फायबर ग्लासने घेतली आणि सुती शिडांची पॉलिएस्टरने. पण आकारात थोडा फरक करून वेगवान होडी बनवायचा मोह बांधणाऱ्यांना होतोच. मग पैसेवाल्या घरातलं मूल पुढे आणि बाकीचे मागे. १९९५ पासून नियम कडक झाले : होडीचा साचा सर्वांसाठी एकच. आता जिंकायचं ते हुशारीने. पन्नास डॉलरच्या अटीमागचा न्याय अर्ध्या शतकाने वेगळ्या वाटेने पुन्हा लागू झाला.

टपातून पदकाकडे

ब्रिटनचा बेन एन्स्ली आठ वर्षांचा असताना त्याला ऑप्टिमिस्ट मिळाली. पुढे २००० ते २०१२ अशा सलग चार ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक मिळवलं, १९९६ चं रौप्य वेगळंच. ब्राझीलचा रॉबर्ट शाइट, नावावर पाच ऑलिंपिक पदकं, तोही ऑप्टिमिस्टमधूनच आलेला. ऑलिंपिकच्या नौकानयन स्पर्धेत कुठल्याही सुकाणूवाल्याला विचारा, बहुतेकांचा श्रीगणेशा याच चपट्या नाकाच्या होडीत झालेला असतो.

आपल्या पाण्यातली पोरं

भारतीय मुलांच्या शिडावर 'आय-एन-डी' ही अक्षरं असतात. एशियाडमध्येही ऑप्टिमिस्टच्या शर्यती झाल्या आहेत. २०१० चं ग्वांगझू आणि २०१४ चं इंचॉन ही अलीकडची उदाहरणं. शिडाच्या खेळाशी आपलं नातं जुनं आहे. रॉयल बॉम्बे याट क्लब १८४६ सालचा. १९८२ चं एशियाड दिल्लीत झालं, पण शिडाच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या आणि फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी तिथे सुवर्ण जिंकलं. खडकवासल्याच्या पाण्यात, पीकॉक बे इथे, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शीड हाताळायला शिकतात. आणि समुद्र नसला तरी अडत नाही. मध्य प्रदेशातल्या शेतकरी घरातली नेहा ठाकूर भोपाळच्या तलावात शिकली आणि हांगझूच्या एशियाडमध्ये तिने रौप्यपदक मिळवलं. चेन्नईच्या नेत्रा कुमाननने उन्हाळी शिबिरात पहिल्यांदा शीड हातात घेतलं. ऑलिंपिकसाठी पात्र ठरलेली ती पहिली भारतीय महिला शिडपटू.

शेवटची गोष्ट, आपल्यासाठी

क्लिअरवॉटरमध्ये असं काय होतं जे इतरत्र नव्हतं? समुद्र अनेक गावांना असतो. प्लायवूड बाजारात मिळतं. हुशार कारागीर तर आपल्याकडे मालवणपासून डहाणूपर्यंत, बंदराबंदरात आहेत, पिढ्यान्पिढ्या होड्या बांधणारे. तिथे वेगळं घडलं ते एवढंच : गावातल्या मोठ्या माणसांनी एक किंमत ठरवली, जिच्यापायी कुठलंही मूल किनाऱ्यावर राहणार नाही, आणि मग त्या मुलाला होडीत एकट्याने सोडलं. यातली दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड आहे. कोकणातल्या कितीतरी शाळांच्या खिडक्यांतून पाणी दिसतं. मुलं मात्र ते खिडकीतूनच बघतात. एखाद्या गावाने, एखाद्या मंडळाने, दोन शीट आणि एक सुतार एवढ्यावर सुरुवात करून पाहावी. पुढच्या वेळी कपाटाचं माप घेताना सुतार "आठ बाय चारच्या दोन शीट" म्हणाला, तर त्याला एवढंच विचारा, "दादा, यात होडी बसेल का?" बसते. १९४७ पासून बसते आहे.